आप्पांची उजवी चप्पल

एका दुपारी मी पेठ वडगावहून कोल्हापूरला दुसऱ्याच्या चपला घालून आलो. चोरीचा इरादा नव्हता. एसटी सुटायला पाच मिनिटं होती. दारात दोन जोड होते, दोन्ही कोल्हापुरी, दोन्ही तेल पिऊन काळे झालेले, आणि माझं डोकं वर होतं. वर असायचं कारण म्हणजे नुकतंच मी त्या घरातल्या लोकांना पायाच्या काळजीवर वीस मिनिटं ऐकवलं होतं. पाय रोज बघावा, बोटांच्या बेचक्यांत बघावं, तळव्याखाली आरसा धरून बघावं. एवढं सांगून मी उठलो आणि स्वतःचे पाय कशात घालतोय हे न बघता चालू लागलो.

स्टँडपर्यंत जाताना उजव्या पायाला काहीतरी टोचायला लागलं. खडा असेल म्हणून दोनदा चप्पल झटकली. खडा पडला नाही, पण एसटी दिसली म्हणून तपास तिथंच थांबला. कोल्हापूरच्या स्टँडवरून शाहूपुरीतलं आमचं भाड्याचं घर दहा मिनिटांवर. ते अंतर मी लंगडत कापलं. माझी बायको सुनंदा दारातच उभी होती.

"लंगडताय कशानं?"

"खडा गेलाय चपलेत."

तिनं खाली बघितलं. "ह्या कुणाच्या घालून आलाय?"

"माझ्याच की."

"तुमच्या डाव्या चपलेचा अंगठा गेल्या महिन्यात मी शिवून आणला. लाल दोऱ्यानं. कुठाय लाल दोरा?"

लाल दोरा नव्हता. शिवाय उजवी चप्पल डावीपेक्षा चांगलीच ढिली होती. हे दोन्ही मला वीस किलोमीटरांत कळलं नव्हतं आणि तिला उंबऱ्यावर उभ्या उभ्या कळलं. मी पायरीवर बसून तळवा वर केला. अंगठ्याच्या मुळाशी, जिथं चालताना सगळा भार येतो तिथं, लाल ठिपका उमटला होता. तो बघितला आणि मी दुखणं विसरलो. ती जागा मला पाठ होती. बारा आठवडे मी एक दिवसाआड त्याच जागेचं ड्रेसिंग करत होतो. फक्त पाय माझा नव्हता.

आता थोडं माझ्या धंद्याबद्दल सांगतो, नाहीतर यात एवढं काय, असं वाटेल.

मी नर्स. पुरुष नर्सला ब्रदर म्हणतात. नव्वदच्या दशकात आमच्याकडं ब्रदर इतके थोडे होते की पेशंट आधी मला वॉर्डबॉय समजायचे, मग डॉक्टर समजायचे, आणि खरं कळल्यावर दोन्ही वेळचा मान परत घ्यायचे. कोल्हापुरातल्या एका खाजगी दवाखान्यात मी सकाळपाळी करायचो आणि दुपारनंतर लोकांच्या घरी जाऊन न भरणाऱ्या जखमांचं ड्रेसिंग करायचो. न भरणारी जखम म्हणजे महिना उलटला, दोन उलटले, तरी तिथंच मुक्काम ठोकून बसलेली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावरची, शिरा फुगलेल्या पायाच्या घोट्यावरची, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे शुगरवाल्यांच्या तळव्यावरची.

लोकांना वाटतं जखम औषधानं भरते. माझ्या आधी ज्यांनी ज्यांनी हात लावलेला असायचा, त्यांनी हळद, चुन्याची निवळी, तंबाखूची पूड, विडीच्या पानाची राख, सगळं त्या जखमेत भरलेलं असायचं. पहिले चार दिवस ते काढण्यातच जायचे. खरं म्हणजे जखम शरीर भरतं. आपण मिठाच्या पाण्यानं धुवायची, मेलेलं कातडं काढायचं, ओल राखायची, झाकायची, आणि ज्या कारणानं झाली ते कारण दूर करायचं. यातली पहिली चार कामं मला उत्तम यायची. एखाद्याला पट्टी बांधली की ती उलगडायला जीव होऊ नये, इतकी देखणी बांधायचो. एकदा एका पेशंटनं शेजाऱ्यांना दाखवायची म्हणून माझी पट्टी दोन दिवस जास्त ठेवली होती.

पाचवं काम मी सोडलं होतं, हे मला त्या पायरीवर बसल्यावर कळलं.

तर आप्पा. वय सत्तरीच्या अलीकडं. वडगावच्या बाजारात त्यांचं जनावरांच्या सामानाचं दुकान. कासरे, वेसणी, घुंगरमाळा, शिंगांना लावायचा हिंगूळ आणि बैलांच्या पायांना मारायच्या पत्र्या. घरात मराठी-कानडी दोन्ही. त्यांच्या बायकोला सगळं घर अव्वा म्हणायचं, म्हणून मीही अव्वाच म्हणायचो. आप्पांची शुगर पंधरा वर्षांची जुनी, आणि उजव्या तळव्याला रुपयाएवढी जखम. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणून आप्पा खुशीत, आणि दुखत नाही म्हणूनच मी काळजीत. शुगरनं पायाच्या नसा मेल्या की पाय दुखायचं सोडून देतो. दुखणं ही पायानं घरी पाठवलेली चिठ्ठी असते. आप्पांच्या पायाची टपालसेवा बंद पडली होती.

"आप्पा, चालत नाही ना?" मी दर खेपेला विचारायचो.

"पाय जमिनीला लावत न्हाय बघा. इचारा अव्वाला."

अव्वा पदर सारखा करायच्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायच्या.

आणि दर खेपेला पट्टीच्या तळाला एक भोक पडलेलं असायचं. नेमकं एकाच जागी. मला वाटलं बँडेज हलक्या प्रतीचं. मी औषधाच्या दुकानदाराशी भांडलो, कंपनी बदलली. तरी भोक. मग दोन पदर वाढवले. पट्टी जाड झाली, चप्पल घट्ट झाली असणार, म्हणून आप्पांनी गुपचूप चपलेचा पट्टा सैल करून घेतला. म्हणजे आम्ही दोघंही आपापल्या परीनं त्या जखमेची सोय बघत होतो.

आमच्या डॉक्टरांनी बारा आठवडे वाट बघितली. शुगर ताब्यात, रक्तपुरवठा बरा, एक्सरेत हाड अजून चांगलं, आणि जखम मात्र हलत नाही. शेवटी ते म्हणाले, "हाडात उतरली तर अर्धं पाऊल जाईल. त्यापेक्षा अंगठा काढू." पुढच्या गुरुवारचं ऑपरेशन ठरलं.

आप्पांना मी हे सांगितलं तेव्हा ते रडले-बिडले नाहीत. पायाकडं बघून म्हणाले, "ब्रदर, अंगठाच न्हाय तर चप्पल अडकवायची कशात?"

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. कोल्हापुरी चपलेला पुढं चामड्याचा एक गोल असतो. त्यात पायाचा अंगठा घालायचा. त्या गोलालाही अंगठाच म्हणतात. सगळी चप्पल त्यावर तोललेली. आप्पांनी उभ्या जन्मात बूट घातला नव्हता, रबरी स्लिपर घालणाऱ्याला ते गिऱ्हाईक म्हणून सुद्धा गंभीरपणे घेत नसत. अंगठा जाणार म्हणजे पाय जाणार, असं डॉक्टरांना वाटत नव्हतं. आप्पांना वाटत होतं. मी त्याच दिवशी, त्यांना धीर यावा म्हणून, दुसरा पाय तरी जपा असं ते वीस मिनिटांचं व्याख्यान दिलं आणि त्यांच्या चपला घालून निघून आलो.

पायरीवर बसून मी उजव्या चपलेत हात घातला. वरून काही दिसत नव्हतं. दाबलं की चामड्यातून एक टोक वर यायचं, सोडलं की आत जायचं. उलटी केली तर खाली टायरचा तुकडा ठोकलेला, आणि तो ठोकायला जो खिळा वापरला होता तो मी ओळखला. आप्पांच्या दुकानात पेटीभर पडलेला असायचा. बैलाच्या पत्रीचा.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून चपला पिशवीत घातल्या आणि सकाळच्या गाडीनं वडगाव गाठलं. आप्पांच्या दारात माझ्या चपला नव्हत्या.

"अव्वा, आप्पा कुठायत?"

"हाईत की. इथंच. शेजारी."

"शेजारी कुठं?"

अव्वांनी कॅलेंडरकडं बघितलं. आता मलाही कॅलेंडरची भाषा यायला लागली होती. मी सरळ बाजारात गेलो. आप्पा दुकानात उभे राहून एका शेतकऱ्याला घुंगरमाळ वाजवून दाखवत होते, आणि त्यांच्या पायात लाल दोऱ्याच्या माझ्या चपला होत्या. मला बघून घुंगरमाळ थांबली.

"या पावणं," ते म्हणाले. मला ते एरवी ब्रदर म्हणायचे. अडचणीत आले की पावणं.

"आप्पा, पाय जमिनीला लावत नाही म्हणाला होता."

"चालत न्हाईच की. दुकानला येतो फकस्त."

"हे चालणं नाही?"

"ह्याला चालणं म्हनत्यात व्हय? चालणं म्हंजे गडहिंग्लजच्या बाजाराला जनावरं घिऊन गेलतो, ते चालणं."

मी पिशवीतून चप्पल काढली आणि गल्ल्याशेजारी ठेवायला गेलो. आप्पांनी हात आडवा घातला. गल्ल्यापाशी चप्पल चालणार नव्हती. मग पेपर अंथरला, तो लक्ष्मीच्या फोटोपासून लांब सरकवला, त्यावर चप्पल ठेवली.

"हात घाला आत. अंगठ्याच्या मागं. दाबा."

त्यांनी दाबलं आणि हात झटकन मागं घेतला. बोटावर रक्ताचा थेंब आला होता. शेतकरी उठून बघायला आला.

"हा तर पत्रीचा मोळा," तो म्हणाला. "बैलाचा." आमच्याकडं खिळ्याला मोळा म्हणतात.

"कुणी ठोकला?" मी विचारलं.

"मीच की. तळ झिजलाता, म्हटलं टायर लावावा. बैलाला चालतंय, मला न चालायला काय झालं?" मग बोट तोंडात घालून चपलेकडं बघत राहिले. "ब्रदर, बोटाला कळलं. पायाला कसं वो कळलं न्हाय?"

मी त्यांना ती टपालाची गोष्ट सांगितली. ती मी आधीही दहा वेळा सांगितली होती. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी ऐकली, आणि खरं सांगायचं तर मीही.

कारण माझी चूक आप्पांपेक्षा मोठी होती. आपल्याकडं चप्पल घराबाहेर राहते. आमच्या दवाखान्यातही दारावर पाटी होती, चपला बाहेर काढाव्यात. पेशंट अनवाणी आत यायचा, आम्ही त्याचा पाय टेबलावर घेऊन भिंगातून बघायचो, आणि ज्यात तो पाय दिवसभर असायचा ती वस्तू पाटीखाली ढिगात पडलेली असायची. नोकरीला लागल्यापासून मी उंबऱ्याच्या आत जखमेशी झुंजत होतो. कारण उंबऱ्याच्या बाहेर बसलं होतं, आणि येता-जाता मी त्याच्या शेजारीच माझ्या चपला काढत होतो.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. दोन पदर वाढवल्याचं सुद्धा. ते म्हणाले, "तुम्ही एक दिवसाआड जात होता ना?" मी हो म्हटलं. मग त्यांनी स्वतःच्या टेबलासमोरच्या फरशीकडं बघितलं. बारा आठवडे आप्पा तिथं अनवाणीच येत होते. "तीन आठवडे देतो," ते म्हणाले. "फरक दिसला नाही तर मला सांगू नका, सरळ थिएटर धुवायला सांगा."

तीन आठवडे आप्पांचा अंगठा माझ्या ताब्यात होता. चपलेतला खिळा काढला म्हणजे झालं, असं नव्हतं. पाऊल मऊ गादीवर पडायला हवं होतं, तेही घराबाहेर आणि घरातसुद्धा, कारण ज्या पायाला खिळा कळत नाही त्याला चुलीपुढचा निखाराही कळत नाही. त्या काळी असली मऊ रबराची काळी सँडल कुष्ठरोग्यांसाठी मिळायची. मी एक जोड मिळवून नेला. आप्पांनी तो हातातही घेतला नाही.

"बाजारात लोक काय म्हनतील? आप्पाला महारोग झाला?"

म्हटलं तर हट्ट, म्हटलं तर बरोबर. लोक म्हणाले असतेच. मग मी सुभाषनगरातल्या एका चप्पल कारागिराकडं गेलो. त्याला सांगितलं, वरून अस्सल कोल्हापुरी दिसली पाहिजे, आत हे रबर बसव, मागून पट्टा लाव, आणि एकही खिळा नको. तो माझ्याकडं दयेनं बघत म्हणाला, "ब्रदर, खऱ्या कोल्हापुरीत खिळा असतोय कुठं? चामड्याच्या वादीनंच शिवत्यात. खिळं तुमच्यासारखी शिकलेली मानसं मारून घेत्यात नंतर." चार दिवसांत त्यानं जोड दिला. आप्पांनी तो वाजवून बघितला, वास घेतला, आणि पास केला.

खरी लढाई अव्वांशी झाली.

"घरात चप्पल? द्येव हाईत घरात."

"नवी आहे अव्वा. बाहेरची वेगळी, घरातली वेगळी. दोन जोड केलेत."

"चामडं ते चामडंच की."

"आणि अंगठा कापला तर?"

अव्वा कॅलेंडरकडं बघायला लागल्या. आप्पा खाटेवर बसून छत बघत होते. मग अव्वा कानडीत काहीतरी बोलल्या. आप्पांनी मला त्याचं मराठी करून दिलं, "सैपाकघर आन देवघर सोडून, म्हनत्या."

असा तह झाला. देवपूजेला आप्पांनी उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसायचं आणि फुलं अव्वांनी वाहायची. दुकान तीन आठवडे बंद. त्याला मात्र आप्पा तयार होईनात, म्हणून शेवटी अव्वा स्वतः दुकानात जाऊन बसल्या. पंधरा दिवसांत त्यांनी घुंगरमाळांची जागा बदलली. आप्पांना तो घाव पायाच्या जखमेपेक्षा जास्त लागला, आणि तो मात्र त्यांना चांगलाच दुखला.

पहिल्या खेपेला पट्टी सोडताना मी आधी तळ बघितला. भोक नव्हतं. दुसऱ्या खेपेलाही नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात जखमेच्या कडेला गुलाबी रेघ आली. आमच्या कामात आनंदाची बातमी एवढीच असते, नखाएवढी गुलाबी रेघ. तिसऱ्या आठवड्यात जखम निम्मी झाली होती. डॉक्टरांनी मोजपट्टीनं मोजली, पुन्हा मोजली, आणि ऑपरेशनच्या वहीतलं नाव खोडलं. दिवाळीच्या आधी ती बंद झाली.

शेवटच्या दिवशी गेलो तर अव्वा सुपाशेजारी बसून आप्पांच्या चपलेत हात फिरवत होत्या. रोज सकाळी फिरवायच्या. घरात चप्पल नको म्हणणारी बाई आता हात घालून तपासल्याशिवाय नवऱ्याला ती घालू देत नव्हती. तपासून झालं की हात धुवायच्या, दोनदा. आप्पांनी मला काड्याच्या पेटीत घालून तो खिळा दिला. "ठिवा तुमच्याकडं," म्हणाले. "कुनी लई शाना भेटला की दाखवा."

दवाखान्यात मी नवा नियम काढला. शुगरचा पेशंट आला की पायाबरोबर चप्पलही आत आणायची, पेपरवर ठेवायची, हात घालून बघायची. आमच्या मोठ्या सिस्टरांनी आठवडाभर माझ्याशी बोलणं सोडलं. त्या चपलांतून काय काय निघालं. काच, बाभळीचा काटा, बटण, एका गृहस्थाच्या बुटातून नातवाची गोटी. दोन दिवस ते गोटीवर चालत होते आणि त्यांना वाटत होतं की बूट जरा महाग घेतला तो चांगला निघाला.

पण एक नाव मी अजून सांगितलेलं नाही. आप्पांच्या आदल्या वर्षी नेसरीहून एक आक्का यायच्या. विधवा, शेत स्वतः बघणाऱ्या. पहाटेची एसटी धरून यायच्या, पाटी वाचता येत नसली तरी चपला न चुकता बाहेर काढायच्या, आणि टाचेचं ड्रेसिंग करून घ्यायच्या. स्टँडवर गाडीला वेळ असला की आमच्या घरी येऊन बसायच्या. सुनंदाची आणि त्यांची चांगली गट्टी होती. चार महिने मी त्यांची टाच बांधली. मग जखम हाडात गेली, आणि गुडघ्याखालून पाय काढावा लागला. त्या दिवशी घरी येऊन मी सुनंदाला सांगितलं होतं, शुगरच तशी होती त्यांची. ते वाक्य मी नंतरही बऱ्याच वेळा म्हटलं. त्यांनी पुढच्या हंगामात कंडक्टरजवळ आमच्यासाठी रताळी पाठवली. मी ती खाल्ली.

आप्पांची जखम बंद झाली त्या संध्याकाळी मी मोठ्या तोऱ्यात घरी आलो. काड्याची पेटी सुनंदापुढं ठेवली. ती मेथी निवडत होती. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, शेतकऱ्याचा आणि कारागिराचा आवाज काढून. आप्पांचा अंगठा कसा वाचला, डॉक्टरांनी नाव कसं खोडलं, चपलेत हात घालून बघायची युक्ती आता सगळ्या दवाखान्याला कशी शिकवतोय. ती ऐकत होती. मधेच हसलीसुद्धा. पेटी उघडून खिळा तिनं चिमटीत धरला, उजेडात फिरवून बघितला आणि परत ठेवला. मग पुढची जुडी ओढली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली,

"नेसरीच्या आक्कांच्या चपला कशा होत्या ओ?"